गाडी न येणारा रस्ता

व्हिडिओ संपेपर्यंत चाचा त्यात एक तरी गाडी येईल म्हणून वाट बघत होते. कुवेतच्या राई भागातल्या आमच्या सायकलींच्या शोरूममागे वर्कशॉप आहे, तिथली ही गोष्ट. आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक, जाब्रियात हाडांचा दवाखाना असलेले कुवेती डॉक्टर, कुठले टायर हवेत ते दाखवायला मला एक व्हिडिओ पाठवून गेले होते. तुर्कस्तानात भूमध्य समुद्राच्या अंगावर उभे असलेले डोंगर, पाइनचं दाट जंगल, आणि त्यातून जाणारा खडीचा पांढरट रस्ता. कॅमेरा सायकलच्या हँडलवर लावलेला. वळणामागून वळण येत होतं.

"गाडी कधी येते ह्यात?" चाचांनी विचारलं.

"येत नाही. जंगलखात्याचा रस्ता आहे. आग लागली तर बंब जायला केलेला. बाकी गाड्यांना बंदी."

"असा रस्ता नसतो," ते म्हणाले. "परत लाव."

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. माझे कोणी लागत नाहीत, पण वर्कशॉपमध्ये सगळेच त्यांना चाचा म्हणतात. त्यांची खोली शुवैखच्या गॅरेजांमागे. अर्धं आयुष्य ते तिथून राईला साध्या सायकलीने येत आले, तेही रस्त्याच्या उलट बाजूने. कुवेतमध्ये कामगार माणूस सायकल अशीच चालवतो. कायदा काहीही म्हणो, समोरून येणारी गाडी निदान दिसते. पाठीमागून येणारी दिसत नाही. चाचांना पूर्वी एकदा पाठीमागून आलेल्या पिकअपने उडवलं होतं. तेव्हापासून डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. पिकअप थांबली नव्हती.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा आहे. वडील रायगडमधल्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात देवाच्या फोटोंपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. 'बंधूंनो' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकलो. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आपोआप मजकूर तयार होतो: मथळा, तीन मागण्या, शेवटी इशारा. कुवेतमध्ये हा मजकूर डोक्यातच ठेवावा लागतो. इथे पत्रक चिकटवलं तर खोलीतल्या सगळ्यांचाच व्हिसा धोक्यात येतो. चाचा मला पुढारी म्हणत. "काय पुढारी, आज कुणाचा निषेध?"

शरद ऋतूत डॉक्टरांचा गट त्याच जंगलात आठवडाभर जाणार होता. सायकली शोरूमच्या, म्हणून सोबत दोन मेकॅनिक पाठवायचं ठरलं: चाचा आणि मी. आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, स्पष्ट सांगितलं, "तुम्ही गाडीत. सायकली गिऱ्हाइकांच्या." पुढच्या महिन्यात चाचा व्हिसा रद्द करून कायमचे गावी जाणार होते. विमानात त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या रस्त्यावर आपल्याला एकदा चालवायला देतील का रे?" त्यांनी कधी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "देतील म्हणजे काय? घेणार आपण."

जंगल व्हिडिओत होतं त्याहून शांत होतं. डिंकासारखा वास, खडीवर पडलेल्या तपकिरी सुया, वळणावर कुणीतरी ओळीने मांडलेल्या मधाच्या निळ्या पेट्या. मधूनच दगडी कुंडात झऱ्याचं पाणी पडायचं. जंगलखात्याने आमच्या एका व्हॅनला परवानगी दिली होती, पण सगळ्यांच्या बरंच मागे राहायचं, या अटीवर. रोज आम्ही काचा लावून, धूळ खाली बसेपर्यंत थांबत थांबत त्यांच्या मागे जायचो. पंक्चर काढायचो, चेनी पुसायचो. चाचा गाडी चालवताना मान वाकडी करून सायकलवाल्यांकडे बघत राहायचे. ते दोघे-तिघे बाजूबाजूने, गप्पा मारत, हात सोडून उतरायचे. चाचा म्हणाले, "बघ, मागे वळून पण बघत नाय एकपण."

शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री जेवताना मी उभा राहिलो. डोक्यातलं पत्रक अखेर तोंडातून बाहेर पडलं. उद्याच्या उतारावर मेकॅनिकांनाही सायकल मिळाली पाहिजे, जो सायकल नीट ठेवतो त्यालाच ती चालवायला मिळत नाही ही कुठली रीत, वगैरे. निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. भांडणाची पूर्ण तयारी होती. डॉक्टर म्हणाले, "अरे, आधी का नाही बोललास? दोन सायकली रिकाम्याच आहेत. उद्या चाचा येऊ दे, मग तू. गाडी आलटून पालटून चालवा."

इतक्या सहज मिळालेल्या हक्काचं काय करायचं, हे माझ्या वडिलांच्या कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

सकाळी चाचांनी शर्ट खोचला, हेल्मेटचा पट्टा दोनदा बघितला आणि बसले. गट पुढे गेला. मी गाडीपाशी उभा राहून बघत होतो. पहिल्याच वळणाला चाचा डाव्या, म्हणजे तिथल्या उलट्या, कडेला गेले. कुवेतसारखेच. पाय टेकला, पूर्ण वळून मागे बघितलं, मग पुढे. पुढच्या वळणाला तेच. तिसऱ्या वळणाला ते उतरून सायकल हातात धरून कडेच्या झाडाला टेकून उभे राहिले, कुणाला तरी वाट दिल्यासारखे.

मी धावत गेलो. "चाचा, काय झालं?"

"काय नाय. मागून येईल काय तरी."

"काही येणार नाही. फाटक बंद आहे खाली. मी स्वतः बघितलंय."

"मनाला माहीत आहे रे. मानेला माहीत नाय." ते हसले. "ऐकू येत नाय ना एका बाजूने. इथे आवाजच नाय कसला, म्हणून जास्त भीती वाटते. शुवैखला निदान हॉर्न असतो."

मी त्यांना समजावलं. वळणापर्यंत पुढे धावत गेलो, 'रस्ता मोकळा' म्हणून हात केला. ते दहा-वीस पावलं यायचे आणि पाय टेकायचे. मला रडू येईल असं वाटायला लागलं. शेवटी तेच म्हणाले, "तू गाडी घेऊन माझ्या मागे ये. शुक्रवारी कुवेतला ह्या लोकांच्या सायकलींच्या मागे गाडी असते ना दिवे लावून, तशी. मागे आपली गाडी असली की दुसरी येणार नाय."

तसं केलं. पहिल्या गिअरमध्ये, चारही दिवे लुकलुकत ठेवून मी त्यांच्या मागे निघालो. आणि चाचा चालवायला लागले. रस्त्याच्या मधोमध. एक वळण, दुसरं, पाय न टेकता. पाठ सैल झाली. एकदा तर पायडल मारणं थांबवून त्यांनी सायकल नुसती उतारावर सोडून दिली.

फार वेळ नाही. खालून डॉक्टर परत वर चढत आले. खोकत होते. आमची धूळ दरीतून थेट त्यांच्यावर उतरत होती. गटातल्या एका बाईंना दमा होता, त्या थांबून राहिल्या होत्या. डॉक्टर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. "गाडी थांबवा, प्लीज," ते म्हणाले. "गाडी नको म्हणूनच तर आपण इथवर आलो. चाचा, तुम्ही या ना आमच्याबरोबर, इथे कसलीच भीती नाही."

मी तोंड उघडलं. काय मागणार होतो? कुणाकडे? ज्या पिकअपकडे मागायचं ती कधीच निघून गेली होती. बाईंचा श्वास खरा होता. चाचांची मानही खरी होती. मी इंजिन बंद केलं.

चाचांनी सायकल स्वतःच व्हॅनच्या टपावर चढवली, पट्टा आवळला, चाकावरची धूळ बाहीने पुसली. "तू जा आता," ते मला म्हणाले. "तुझी पाळी."

"तुमच्याशिवाय नाही."

"हा काय संप आहे?"

मी गेलो नाही. माझ्या न जाण्याने कुणाचं काही अडत नव्हतं, हे कळत असूनही गेलो नाही.

खालच्या गावात सगळे लांब टेबलाशी बसले होते. डॉक्टरांनी चाचांसाठी शेजारची खुर्ची ठेवली होती. "कसा होता रस्ता?"

"फर्स्ट क्लास," चाचा म्हणाले.

"पुढच्या वर्षी पूर्ण उतरायचं. शब्द द्या."

"इन्शाअल्लाह."

पुढच्या वर्षी चाचा इथे नसणार, हे त्या टेबलावर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी खुर्ची मागे सरकवली. उठून सगळं सांगणार होतो, शुवैखपासून. चाचांनी भट्टीतून नुकतीच आलेली रोटी तोडून माझ्यापुढे ठेवली.

"खा," ते म्हणाले. "भाषण थंड होत नाय. रोटी होते."