चौदा पॉइंट आणि आग्नेय कोपरा

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी गारठा, दहानंतर लख्ख ऊन, वारा नाही.

एवढं डायरीत लिहिलं आणि पुढे दोन दिवस पेन हातात धरवेना. का, ते आता काय सांगू तुम्हाला. बसा, चहा घ्या, सांगतो. फक्त एक करा, आमच्या शैलासमोर हा विषय काढू नका. ती हा किस्सा माझ्यापेक्षा रंगवून सांगते.

आम्ही सोळा वर्षं नाशिक रोडला भाड्याच्या घरात काढली. तिथे इंटरनेटची वायर दाराच्या फटीतून आत यायची, त्यामुळे दार कधी नीट लागलंच नाही. इंदिरानगरला स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हाच मी ठरवलं, या घरात एकही वायर डोळ्यांना दिसणार नाही.

मी काही इंजिनिअर नव्हे. पण व्हिडिओ बघितले, दोन वायरमनांना चहा पाजून शंका विचारल्या, आणि आठ महिने रोज डायरीत नोंद केली. कुठला पाइप कुठून गेला, जमिनीपासून किती उंच, सगळं. चौदा पॉइंट काढले. प्रत्येक खोलीत दोन, हॉलमध्ये तीन, देवघरात एक.

"देवांना कशाला इंटरनेट?" शैलाने विचारलं.

"उद्या ऑनलाइन आरती करायची झाली तर?"

"त्यापेक्षा उद्या एखादी खुंटी ठोकायची झाली, तर कुठे ठोकू ते सांगा. भिंतीत पाइप नाही अशी जागा ठेवलीय का एखादी?"

चौदाही वायरी जिन्याखालच्या पेटीत आणून सोडल्या होत्या. प्रत्येकीला चिठ्ठी, माझ्या अक्षरात. बाहेरची वायर गेटपासून जमिनीखालच्या पाइपातून हॉलमध्ये येणार आणि तिथून पेटीत. की झालं.

आता यात घाई कसली, तर आमची मुक्ता. पुण्याच्या एका कंपनीची तिची मुलाखत शुक्रवारी अकरा वाजता होती, व्हिडिओवर, सलग दोन तास. आधी दोन ठिकाणी नकार आलेला. पोरगी तोंडाने काही बोलत नव्हती, पण जेवत नव्हती. आमच्या गल्लीत मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर टाकीपाशी मिळते, तीही तिच्या मर्जीने. म्हणून मुक्ता म्हणाली, "बाबा, मी मैत्रिणीकडे बसून देते."

मला लागलं हो. चौदा पॉइंटचं घर सोडून माझी मुलगी दुसऱ्याच्या घरी बसणार? नको म्हणून कळवायला लावलं. मैत्रीण गावाला निघून गेली.

बुधवारी रफिकभाई आले. इंटरनेटची जोडणी करणारे, माझ्याच वयाचे, शांत माणूस. मी त्यांच्यासमोर डायरी उघडली. त्यांनी चार पानं बघितली आणि म्हणाले, "काका, वीस वर्षं काम करतोय. असा नकाशा नाय बघितला."

मी शैलाकडे बघितलं. ती भाजी निवडत होती.

रफिकभाईंनी गेटपाशी बसून पाइपात लांब पोलादी पट्टी सारली. हिला ते स्प्रिंग म्हणतात. ती पलीकडे निघाली की तिला वायर बांधून ओढायची. स्प्रिंग सरसर गेली आणि थांबली. टण्ण.

"पुढं नाय जात काका."

"जाईल. माझं मोजमाप आहे. ढकला."

टण्ण.

"काहीतरी आडवं आलंय."

"जोडाची कड असेल. जरा जोर लावा."

टण्ण. टण्ण. शेवटी मीच बाह्या वर केल्या आणि स्प्रिंग हातात घेतली. अर्धा तास मी ढोसत होतो. एकदा मागे घ्यायची, नेम धरायचा, दणका द्यायचा. रफिकभाई नुसते बघत होते.

आतून शैला आली. "अहो, हॉलमध्ये फरशीखाली काय वाजतंय?"

"कुठे?"

"कोपऱ्यात. आपण वास्तुपुरुष ठेवला, तिथे."

आता जरा मागे जायला हवं. दहा दिवसांपूर्वी आमची वास्तुशांत झाली. वास्तुपुरुषाची प्रतिमा डबीत ठेवून घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात, वर फरशी बसवतात आणि मग तिला कोणी हलवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गुरुजींनी विचारलं होतं, "खड्डा तयार आहे ना?" ते काम माझ्याकडे होतं आणि मी साफ विसरलो होतो. पण डायरी होती ना. पान उलटलं. लिहिलं होतं: 'आग्नेय कोपरा. एक वीत खड्डा करून घेतला. वर फळी झाकली. फरशी नंतर.'

मी सगळ्या पाहुण्यांसमोर डायरी वर करून दाखवली. म्हटलं, "गुरुजी, तीन महिन्यांपूर्वीच तयार आहे." गुरुजी म्हणाले, "असा यजमान मिळायला भाग्य लागतं." फळी काढली, वास्तुपुरुषाला ठेवलं, फरशीवाल्याने फरशी बसवली. तो माणूस नवीन, त्याला पाइपाचं काय माहीत?

खड्डा वायर ओढून घेण्यासाठी केलाय, तेवढंच मी लिहिलं नव्हतं. गेटकडून येणारा पाइप त्या खड्ड्यात उघडत होता.

म्हणजे अर्धा तास मी पोलादी पट्टीने कुणाला ढोसत होतो, हे लक्षात आलं तुमच्या? माझ्या हातातून स्प्रिंग गळून पडली. शैलाने कोपऱ्याकडे बघून हात जोडले. मग माझ्याकडे बघितलं, तेव्हा जोडलेले नव्हते.

"फरशी काढून डबी जराशी सरकवली तर?" मी रफिकभाईंना विचारलं.

"नाय काका. मी हात नाय लावणार. दुसरं काय बी सांगा."

गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, वास्तुपुरुष एक वीतभर बाजूला घेता येईल का?"

"काय झालं? काही त्रास जाणवतोय का घरात?"

"आम्हाला नाही. त्यांना झाला असेल."

सगळं ऐकून घेतल्यावर गुरुजी म्हणाले, "हलवायचं तर शांत पुन्हा करावी लागेल. पाहुणे, जेवण, सगळं. नाहीतर वायर खिडकीतून घ्या. माझी खिडकीतूनच आहे, उत्तम चालते."

"पुन्हा ऐंशी पानं वाढायची माझी तयारी नाही," शैला बाजूने म्हणाली.

रफिकभाई म्हणाले, "खिडकीतून दहा मिनिटांत देतो." आणि मी, अजून शहाणपण न आलेला मनुष्य, त्यांना म्हणालो, "खिडकी माझ्या नकाशात नाही. मी मार्ग काढतो." ते गेले.

गुरुवारी मी मार्ग काढत होतो. जिन्याखाली पालथा पडून भिंतीवर टकटक करत होतो. मुक्ता दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, राहू दे. मी त्यांना तारीख बदलून मागते." आवाज असा काही होता की मला मान वर करवेना.

शुक्रवारी सकाळी नऊला दारात रफिकभाई. मी बोलावलंच नव्हतं. शैलाने बोलावलं होतं. तिने त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकाकडे बोट दाखवलं. वीस मिनिटांत वायर आत आली, फ्रिजवर राउटरची पेटी बसली, हिरवा दिवा लागला. मी डायरी घेऊन मागे उभा होतो. कुणी काही विचारलं नाही.

मुक्ता ओट्याशेजारी स्टुलावर बसली. कुकर बंद, मिक्सर बंद, मी बाहेर. शैला म्हणाली, "तुम्ही काही सुधारायला जाऊ नका." मी दाराला कान लावून उभा राहिलो.

तासाभराने आतल्या साहेबांनी विचारलं, "भरपूर तयारी करूनही एखादं काम फसलं, असं एखादं उदाहरण द्याल?"

मुक्ता म्हणाली, "हो. माझे बाबा."

आठ मिनिटं बोलली. टण्ण आवाजही काढून दाखवला. पलीकडे तिघे जण होते. हसणं तिघांचंही ऐकू आलं.

मुक्ताची निवड झाली. पेटी फ्रिजवर आहे. चौदा पॉइंटांपैकी चालू पॉइंट: शून्य.