पिवळ्या खोलीतलं डायपर

हा माणूस दर दहा मिनिटांनी दुकानातून पळत रस्त्यावर का येतो, असा प्रश्न त्या बाजारात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. एका हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर फासलेला रंग. दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाने आणलेला भिंतीचा पोपडा. दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरायचे, मान वाकडी करून बघायचं, "छे! निळसर मारतोय," असं स्वतःशीच पुटपुटायचं आणि पुन्हा आत. हे रंगमास्तर. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. लोक जुना रंग आणायचे, मास्तर तस्साच नवा करून द्यायचे. मध्यंतरी दुकानात रंग मिसळायचं यंत्र आलं. यंत्र चुकलं की गिऱ्हाईक मास्तरांकडे यायचं, आणि त्या दिवशी मास्तर दोन कप चहा जास्त प्यायचे.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचे हाल कुत्रं खात नाही. बायको शाल घेऊन निघाली की हे म्हणणार, "अगं, ही साडीशी जात नाही." ती म्हणायची, "अहो, साडी आणि शाल माझ्याशी जातात ना? मग झालं तर!" त्यात मुलगी आणि जावई त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे शेरे मारायला मास्तरांना दोन मजले मिळाले होते. म्हणून मुलीला दिवस गेले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मास्तरांच्या बायकोला झाला. म्हाताऱ्याला एकदाचं काम मिळालं!

आणि मास्तरांनी ते काम अंगावर घेतलं. बाळाची खोली त्यांनी स्वतः रंगवली. पिवळी. साधीसुधी नाही, भिंती पिवळ्या, छत पिवळं, दाराची आतली बाजू पिवळी, पडदेसुद्धा पिवळे. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, खोली रंगवलीत की लिंबात भोक पाडून आत शिरलात?"

"बाळाला प्रसन्न वाटलं पाहिजे," मास्तर म्हणाले. एकूण काय, पठ्ठ्या खूश होता.

नात झाली. गोरीगोमटी, गोबरी, आणि रडायला लागली की अख्खा मजला जागा. मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी ठमाबाई म्हणायला सुरुवात केली. तिचं पहिलं डायपर उघडलं तेव्हा मास्तर शेजारीच होते. आत डांबर! काळंकुट्ट, चिकट. मास्तरांनी असा आवाज टाकला की दवाखान्याची सिस्टर हातातलं काम सोडून आली.

"आजोबा, सगळ्यांचं पहिलं असंच असतं," ती हसत म्हणाली. "दोन-तीन दिवस काळं, मग हिरवट, मग पिवळं."

"पण मग बिघडलेलं कुठलं, ते कसं ओळखायचं?"

सिस्टरही हौशी असावी. तिने बोटांवर मोजत सांगितलं, की पिवळं चालतं, हिरवं चालतं, तपकिरी चालतं. पातळ चालतं, दाणेदार चालतं. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठदा करेल, पुढे कधी चार दिवस करणारही नाही, तेही चालतं. "न चालणारे तीनच. लाल, पहिले दिवस सरल्यावर पुन्हा काळं, आणि पांढरं. पांढरं, मातकट फिकं दिसलं की थांबायचं नाही, घेऊन यायचं."

मास्तरांनी खिशातलं रंगांच्या छटांचं शेडकार्ड काढून मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून घेतलं. जावई बघतच राहिला.

घरी आल्यावर डायपर खातं मास्तरांकडे गेलं. कुणी दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं. जावयाचं नाक जरा नाजूक, त्याने आनंदाने राजीनामा दिला. पाचव्या दिवशी पिवळं, दाणेदार आलं तेव्हा मास्तर जिन्यातून ओरडले, "मोहरी! अस्सल मोहरी!" आणि खाली भाजीवाल्याने मान वर करून, "मोहरी नाही आज, काका," असं सांगितलं.

पण पोरीच्या काळजीने त्यांचा जीव वरखाली व्हायचा, हेही खरं. सुरुवातीलाच नॅपीवर विटकरी डाग दिसला. मास्तरांनी "रक्त, रक्त!" करून घर डोक्यावर घेतलं आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे फोन लावला. निघाली ती शू. पहिल्या दिवसांत बाळाला दूध कमी मिळतं, शू घट्ट असते, असा डाग पडतो, दूध वाढलं की जातो. गेला. मग एकदा गवतासारखं हिरवं झालं. फोन. मग तीन दिवस काहीच झालं नाही. फोन. तिथे फोन घेणारी मुलगी आवाज ओळखायला लागली. "बोला आजोबा, आज रंग कुठला?" असं ती विचारायची, आणि मागे कुणीतरी खुदकन हसायचं.

"बाबा, पुरे आता," मुलगी वैतागली. "लोक आपल्याला वेड्यात काढतायत."

मास्तर वरमले. आता उगाच बोंब मारायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग दोनेक आठवडे सगळं शांत. डायपर पिवळ्या खोलीत, पिवळ्या पडद्याआड बदलायचं, आत बघायचं, पिवळसर दिसलं की गुंडाळायचं. ठमाबाई पीत होती, झोपत होती, आजोबांचा चष्मा ओढत होती. शूचा डाग जरा गडद वाटायचा, पण पुन्हा फोन करून कोण हसं करून घेणार?

बाळ पाच आठवड्यांचं झालं आणि खोलीची खिडकी लागेना म्हणून सुतार आला. खोलीभर भुसा. नेमकी तेव्हाच ठमाबाईने शी केली. मास्तरांनी तिला उचललं, पुढच्या ओट्यावर सतरंजी टाकली आणि सकाळच्या लख्ख उजेडात डायपर उघडलं.

आत पुट्टी होती. भिंतीच्या भेगा भरायला वापरतात ती पुट्टी. पिवळ्याचा मागमूस नाही.

मास्तरांनी बाळाच्या तोंडाकडे बघितलं. तिने डोळे उघडले, आणि डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. मास्तर तिला घेऊन सुताराला बाजूला सारत खोलीत शिरले. खोलीत डोळे ठीक, डायपर पिवळसर. पुन्हा ओट्यावर. पुट्टी. चारी बाजूंनी पिवळा उजेड पडत होता त्या खोलीत, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने फासला होता! लोकांना जन्मभर सांगितलं की दिव्याखाली रंग बघू नका, आणि स्वतः नातीचं डायपर पिवळ्या डब्यात बसून बघत होते.

"अगं ए! लवकर खाली ये!"

मुलगी आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "बाबा, परत?"

मास्तरांनी कचऱ्याचा डबा ओट्यावर उपडा केला, कालपासूनची चार डायपरं शोधून उघडून ओळीने मांडली, आणि शेजारी शेडकार्ड ठेवलं. रस्त्यावरून जाणारी माणसं नाक धरून बघत होती. बघेनात का!

"हे पिवळं आहे का, तूच सांग."

मुलगी खाली बसली. एकेक बघत गेली. तिचा चेहरा उतरत गेला. मास्तरांची बायको मागून वाकून म्हणाली, "अगंबाई! हे तर पांढरं आहे." मग नवऱ्याकडे वळून, "उभे काय राहिलात? फोन लावा!"

"बोला आजोबा," पलीकडून तोच हसरा आवाज. "आज रंग कुठला?"

"पांढरा."

पलीकडे कुणी हसलं नाही. "लगेच निघा. मी बाईंना सांगते. डायपर घेऊन या."

पुढचे दिवस धावपळीचे. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळीच बंद होती. पित्तामुळेच शीला रंग येतो. पित्त पोचत नाही, म्हणून शी पांढरी आणि अंग पिवळं. ऑपरेशन करून नवी वाट काढायची होती. "वेळेत आणलंत," सर्जन म्हणाले. "दोन महिने उलटून गेले की काम अवघड होत जातं."

या 'वेळेत'ने मास्तरांचं समाधान होईना. ऑपरेशन चालू असताना दवाखान्याच्या बाकावर त्यांनी मुलीचा हात धरला. "पोरी, ती खोली मी पिवळी केली. नाहीतर दहा दिवस आधी दिसलं असतं. हिला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

मुलीचे डोळे रडून सुजले होते. "बाबा, मी आई आहे तिची. मला दिसलं का? तुम्ही चार डायपरं रस्त्यात मांडलीत म्हणून आज आपण इथे आहोत. आता रडू नका, मला रडायचंय." आणि ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून खरंच रडली. जावई उठून दोघांसाठी पाणी घेऊन आला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण काम झालं की नाही, कसं कळणार? सर्जन हसले. "डायपरमध्ये कळेल. रंग आला, की पित्त वाहायला लागलं. पुढे तपासण्या चालू राहतील, मी कसली हमी देत नाही. पण पहिली बातमी तिथूनच येईल."

मग काय, घरातली चार मोठी माणसं एका डायपरकडे डोळे लावून बसली. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी झाली, पण फिकी. चौथ्या दिवशी तेच. मास्तरांची बायको कोऱ्या पाटीसारखा चेहरा करून बसली होती, आणि मास्तरांना जेवण जात नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी ठमाबाईने तोंड लाल केलं, कुंथली आणि मोकळी झाली. वॉर्डात कसं समजलं देव जाणे, पण शेजारच्या खाटांवरच्या दोन आयाही उठून बसल्या. मास्तरांनी डायपरची चिकटपट्टी सोडवली. आत बघितलं. पुन्हा बघितलं. मग डायपर मुलीकडे दिलं.

"तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

मुलीने ते दोन्ही हातांत धरलं. खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "हिरवं आहे."

मास्तर मटकन खाली बसले आणि पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले. आजीने ठमाबाईचे मुके घ्यायचा सपाटा लावला. सिस्टर घाबरून धावत आली, काय झालं म्हणून. जावयाने ते उघडं डायपर बायकोच्या हातून घेतलं होतं आणि खाटेखाटेपाशी नेऊन सगळ्यांना दाखवत होता.

"द्या इकडे," सिस्टर म्हणाली. "डॉक्टरांना दाखवते आणि टाकते."

"देतो हो," मास्तर फरशीवरूनच म्हणाले. "जरा थांबा. अजून थोडं बघू दे."