सत्यवतीच्या हातातली दोरी

तुमच्या घरातली बाई "मला येतं, मी करू?" असं शेवटचं कधी म्हणाली, आणि तुम्ही तिला काय उत्तर दिलंत? आठवा. घाई नाही. माझं उत्तर मला पाठ आहे. पण ते सांगण्याआधी सत्यवती कोण ते तुम्हाला कळायला हवं.

आमच्या खाडीत एक जुवा आहे. चारी बाजूंनी पाणी, मध्ये अकरा घरं, माड, एक विहीर आणि देवाची एक घुमटी. पूल नाही. साकव द्या म्हणून मी बारा वर्षं अर्ज लिहितोय. साहेब बदलतात, खुर्च्या बदलतात, मी तोच आणि अर्जही तोच. तोवर जुव्यावरचं सगळं जगणं दाजीच्या होडीतून इकडे-तिकडे जायचं. बाजाराला निघालेल्या बायका, गॅसच्या टाक्या, चतुर्थीचे गणपती, बाळंतपणाला निघालेल्या पोरी, सगळं त्या एका होडीतून. होडीच्या मागे दोरी ओढून चालू करायचं मशीन. दाजी माझा शाळेतला सोबती. सत्यवती त्याची बायको.

ती वालावलकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन जुव्यावर आली. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या, टोपली भरायची आणि होडीत नवऱ्यासमोर बसून बाजाराला जायचं, असं बावीस वर्षं. म्हणजे बावीस वर्षं तिने ते मशीन रोज समोर बघितलं. दाजी कधी चोक ओढतो, कधी सोडतो, कितव्या ओढीला शिवी घालतो, सगळं तिला ठाऊक. मशीन अडलं की ती तिथूनच सांगायची, "पेट्रोलचो खिट्टो बंद आसा, तो बघ आधी." आणि तो खरंच बंद असायचा.

दाजी चिडायचा. "तू तिसऱ्यो मोज गो! मशीन माझी धाकटी बायल. तिका माझोच हात लागता."

"मगे सांजचा भात पण तिकाच रांधूक सांग."

होडीतल्या बायका हसायच्या. दाजीही हसायचा. दोघांचं भांडण असं, पलीकडचा धक्का येईपर्यंत पुरणारं.

जुव्यावर एक रीत आहे. नारळी पुनवेला मशीनला हळदकुंकू लावून जो नारळ वाढवतो, त्या वर्षी दिवसाची पहिली ओढ त्याची. पहिल्या ओढीनंतर मग कोणीही दोरी ओढावी, देवाला त्याचं काही नाही. पण हे "कोणीही" म्हणजे कोणीही पुरुष, असं सगळ्यांनी आपापलं धरून ठेवलेलं. तसं कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच पडली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. कुडाळच्या बाजूला एक लग्न होतं आणि जवळजवळ सगळा जुवा तिकडे गेलेला. दाजीने सकाळी दोन खेपांत वऱ्हाड पोचवलं आणि परत आला. जुव्यावर मासे धरायची आणखी एक होडी होती, ती रंग द्यायला उलथी घातलेली. घरांत राहिली ती चार म्हातारी माणसं. दुपारी जेवण झालं आणि दाजीच्या छातीत कळ आली. घाम फुटला. सत्यवतीने त्याला धरून होडीपर्यंत आणला, आत बसवला. बसवला तर हा गाढव उठून मशीनकडे गेला. "मी ओढतंय," म्हणाला. एकदा ओढली. दुसऱ्यांदा ओढली आणि दोरी आतून तुटली. मूठ हातात घेऊन तो मागे आडवा पडला.

वल्हवून जावं तर सुकतीची ओढ समुद्राकडे. एकट्या बाईच्या वल्ह्याला ती होडी खाडीच्या तोंडाशी जाऊन आपटली असती.

मग तिने काय केलं ते ऐका. दाजीच्या पत्र्याच्या डब्यातून पाना काढला. दोरीची चक्री ज्यात बसते ते मशीनचं वरचं झाकण तीन बोल्टांवर असतं. तिन्ही काढले, झाकण उचलून बाजूला ठेवलं. खाली मोठं चाक उघडं झालं. त्या चाकाला एक खाच असते. तिने विहिरीची दोरी कोयत्याने तोडली, टोकाला गाठ मारली, गाठ खाचेत अडकवली आणि चाकाला दोन वेढे दिले. अडीअडचणीला दाजी असंच करायचा. तिने ते आयुष्यात दोनदा बघितलेलं.

आणि मग तिने मला फोन केला.

मी तेव्हा बाजारात साल्वादोरच्या दुकानात. साल्वादोर होड्यांची मशीनं दुरुस्त करतो, आमच्या किनाऱ्यावर त्याच्या हाताला तोड नाही. फोनवर ती धापा टाकत होती. "भावजी, ह्यांच्या छातीत कळ इली. दोरी तुटली. झाकण काढलेला आसा, चाकार दोरी गुंडाळलंय. ओढू? तुमी धक्क्यार रिक्षा तेवढी उभी करा."

इतकं स्वच्छ. रिक्षा उभी करा आणि हो म्हणा. याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

मी म्हणालो, "वैनी, हात लावू नकात! आतली स्प्रिंग उडली तर डोळो जायत. मी येतंय. तशीच थांबा."

साल्वादोर हातातलं काम टाकून उभा राहिला. "मेल्या, तिका ओढूक सांग! बरोबर केल्यान तिना."

"गप रे तू. बायलमाणसाक काय मशीन चालू करूक सांगतलंस?"

हे माझं उत्तर. पाठ आहे म्हणालो ना. सभेत बायकांच्या हक्कांवर मी तासभर बोलू शकतो, टाळ्याही घेतो. पण त्या दुपारी तोंडातून निघालं ते हे.

जुव्यावर माझा शब्द चालतो. साहेबांशी भांडणारा माणूस म्हणून मला मान आहे, आणि त्या मानाचा मला माज होता. म्हणून ती थांबली. कोणा गावगुंडाने सांगितलं असतं तर तिने ऐकलंही नसतं. मी सांगितलं म्हणून ऐकलं.

स्कूटरवरून धक्क्यापर्यंत. धक्क्यावर होडी नाही. दुसऱ्या वाडीत जाऊन एक माणूस झोपेतून उठवला, त्याची होडी काढली. पन्नास मिनिटं गेली.

पोचलो तेव्हा ती होडीत बसलेली. डाव्या हातात दोरीचं टोक, ताणून धरलेलं, चाकावरचे वेढे सैल होऊ नयेत म्हणून. उजवा हात दाजीच्या छातीवर. हातावर दोरीचा वळ उठलेला. पन्नास मिनिटं ती दोरी धरून बसली होती.

मी तिच्या हातातून टोक घेतलं आणि ओढलं.

पहिल्या ओढीला मशीन चालू झालं.

दाजीचा श्वास तेव्हा सुरू होता. खाडीच्या मध्यावर थांबला. लोक मला सांगतात, आधी पोचला असता तरी वाचला असता कशावरून? ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांशी मी भांडलो. माझ्या समाधानासाठी दाजीला दुसऱ्यांदा मारू नका.

दिवसकार्य झालं. मुलगी आकांक्षा जामसंड्याला दिलेली. ती म्हणाली, "आई, आता माझ्याकडे चल." सत्यवती म्हणाली, "अकरा घरांका पलीकडे कोण नेतलो? तुझो घो?"

चौदाव्या दिवशी मी नवीन दोरी घेऊन जुव्यावर गेलो. दोरी साल्वादोरने दिली. माझ्याशी बोलला नाही, फक्त दोरीबद्दल बोलला. "विणलेली आसा. पिळाची घालू नको, ती चक्रीत फुगता." मला वाटलं होतं, मी दोरी घालून देईन. तेवढं तरी करीन.

"ठेवा थंय," सत्यवती म्हणाली. "मी घालतंय."

अंगणात पोत्यावर तिने ते झाकण उलटं ठेवलं. चक्रीतला जुन्या दोरीचा तुकडा चिमट्याने ओढून काढला. काडी पेटवून नव्या दोरीचं टोक वितळवलं, थुंकी लावून बोटांनी टोकदार केलं. मग चक्री फिरवायला लागली. एक फेरा, दोन, तीन. आत स्प्रिंग घट्ट होत गेली. अंगठ्याने चक्री दाबून धरून ती भोकातून दोरी ओवणार, इतक्यात थांबली. झाकणात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भावजी."

"काय?"

"स्प्रिंग तर ह्या झाकणात आसा."

मी वाकून बघितलं. होती.

"आणि झाकण तर मी काढून बाजूक ठेयलेला. फोनार सांगलंय तुमका." आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. "मगे डोळो कसो जातलो?"

तिचा अंगठा चक्रीवर तसाच दाबलेला. मला त्या मशीनमधलं काही कळत नव्हतं, हे तिला सांगायलाही त्या दिवशी माझ्याने झालं नाही.

तिने दोरी ओवली, गाठ मारली, मूठ लावली. तीच जुनी मूठ. अंगठा सोडला तशी दोरी सर्रकन आत गेली. झाकण घेऊन ती होडीवर गेली, तिन्ही बोल्ट आवळले आणि उभी राहिली. सवयीने माझा हात पुढे झाला. तिने नुसतं बघितलं. मी खाली बसलो.

पहिल्या ओढीला नाही. दुसऱ्या ओढीला नाही. तिसऱ्या ओढीला मशीन लागलं आणि मग सत्यवती रडली. चौदा दिवस माणसांसमोर रडली नव्हती. मशीनच्या आवाजात जुव्यावर कोणाला ऐकू जाणार नाही, असं तिला वाटलं असावं. मला ऐकू येत होतं.

त्या वर्षीच्या पुनवेला नारळ तिनेच वाढवला. आता दिवसाची पहिली ओढ तिची. माझे अर्ज चालूच आहेत, साकव झालेला नाही आणि जुव्यावर मी तिच्याच होडीतून जातो-येतो. ती मला भावजीच म्हणते. चहा देते. दोरी ओढायला उभी राहिली की मी पाण्याकडे बघतो.

तुम्हाला वर जे विचारलं, त्याचं उत्तर मला कळवू नका. एवढंच करा. आज घरी गेल्यावर तुमच्याकडे जे काही ओढायचं, फिरवायचं, चालू करायचं असेल, होडीचं मशीन असो, पंप असो, गवत कापायचं यंत्र असो, ते तिच्या हातात द्या. ती "ओढू?" म्हणाली, तर "ओढ" म्हणा. आणि बाजूला सरा.