नुसता शिजू दे

उकळत्या पाण्यातून काढून टोमॅटो सोलले, ऑलिव्ह तेलात लसूण परतला. "आई, इटालियन सॉस आहे हा. फोडणी नको, गूळ नको. नुसता शिजू दे," असं बजावून लेक खोलीत गेली. सासरहून अचानक आली त्याला आठवडा झाला. का आली, सांगत नाही.

सॉस मंद आचेवर रटरटत होता. नुसतं बघत बसणं मला कुठलं जमायला? गुळाच्या डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले. जगातल्या सगळ्या आंबटावर आपल्याकडे गूळ आहे, असं आईला उगाच वाटत असतं.

शेवटी तीच आली. चमचाभर सॉस चाखला आणि तिचे डोळे भरून आले.

"आंबट झालाय गं," ती म्हणाली. "घाल थोडा गूळ."