बकासुराचं हाड

त्या हाडाचा विषय निघाला की अजून मला एका जागी बसवत नाही. मी तेव्हा वर्ध्यात पोलीस जमादार होतो. शाळा सातवीत सुटलेली, घर लांब कोकणात. खात्यानं पोटाला लावलं याचे उपकार मी विसरलो नाही. पण तपास चुकला तर वर्दी जाईल, ही धास्ती कायम.

ऐंशीच्या सुमारास एका कॉलेजच्या संग्रहालयातून डायनासोरच्या हाडाचा हातभर तुकडा गेला. कुलूप शाबूत, चावी एकट्या शिपायाकडे. प्राचार्यांनी त्याला निलंबित केलं. चोरी शाबीत झाली की नोकरी संपली. खोलीत कोण आलं होतं, हे मी त्याला ठाण्यात दोन दिवस विचारत होतो.

"कोणीच नाई, साहेब."

नजर जमिनीला. खोटं बोलतोय हे दिसत होतं. मी एक ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी एस.टी.च्या कंडक्टरनं खबर दिली. केळझरच्या गाडीत एक म्हातारा धोतरात गुंडाळलेलं जड गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता; खाली ठेवा म्हटलं तर ऐकेना, देव आहे म्हणाला. देव म्हटल्यावर मला नैवेद्य आठवला आणि मी पंचनामा पुन्हा काढला. टेबलाखाली भाताची शितं, असं मीच लिहिलं होतं आणि उंदरांवर ढकललं होतं.

शिपायासमोर भाताचं नाव काढताच तो रडायला लागला. हाड त्या म्हाताऱ्याच्या वावरातलं. भीमानं बकासुराला त्याच भागात मारलं असं तिथं मानतात, म्हणून गाव पोळ्याच्या आठवड्यात त्या हाडापुढं भाताचं ताट ठेवायचं. हाड कॉलेजात आल्यापासून म्हातारा ताट घेऊन इथं येई आणि हा त्याला गुपचूप आत घेई. या वेळी त्याला आत ठेवून हा तासाची घंटा द्यायला गेला. परत आला तर खोली रिकामी. टेबलावर हाड आहे का हे न बघता यानं कुलूप लावलं.

हाड गावात निंबाखाली सापडलं. म्हातारा घाबरला नाही.

"पाह्याले नेतो, वापस आणतो म्हणे तुमचा मास्तर. चार पोळे झाले, जमादार साहेब. मंग चोर कोन?"

मी त्याला शिपायाची नोकरी जाते आहे, एवढंच सांगितलं. म्हाताऱ्यानं हाडावरून एकदा हात फिरवला.

"त्याची भाकर माह्यापायी काऊन जाते? चाला."

हाड पुन्हा मांडीवर घेऊन तो माझ्याबरोबर वर्ध्याला आला. प्राचार्यांनी तक्रार मागे घेतली. हाड गावातून नेणाऱ्या प्राध्यापकांनी त्याखालच्या पाटीवर गावाचं नाव लिहिलं आणि ताटाला परवानगी दिली. शिपाई कामावर परतला.

भिणारा माणूस खोटं बोलतो, हे मला तरी कळायला हवं होतं. बदली होऊन निघेपर्यंत शिपायाची माफी मागायचं धैर्य झालं नाही. तो मात्र मला दिसला की उठून उभा राहायचा.