अश्फाक आणि अडकलेले आकडे

एका खोलीत दोघं काम करत असले की किस्से आपोआप साचतात. यवतमाळच्या बसस्टँडमागे माझं आणि अश्फाकचं छोटंसं ऑफिस होतं. कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यांची सॉफ्टवेअर आम्ही करायचो. आता तो हैदराबादला नोकरी करतो, आणि मी भेटेल त्याला त्याचेच किस्से सांगत सुटतो.

बाभुळगावच्या जिनिंगवर आमचा प्रोग्राम विंडोजवर झकास चालायचा. गाडी काट्यावर चढली की बोर्डावर आकडा हजर! हौसेनं विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं आणि आकडे गायब. लिनक्सवर बोर्डाकडे जाणारं आउटपुट आधी बफरमध्ये साचतं. सीटा भरल्याशिवाय काळीपिवळी जीप हलत नाही, तसं. काट्यावरच्या गजूभाऊंनी उपाय शोधला. ते स्वतःच काट्यावर उड्या मारत राहिले. प्रत्येक उडीला नवं वजन, आणि बफर भरला की सगळे आकडे एकदम बोर्डावर. आम्ही पोचलो तेव्हा ते घामाघूम होते. म्हणाले, "सॉफ्टवेअर चांगलं हाय तुमचं, पण मेहनत लय लागते."

अश्फाकनं तिथंच बसून प्रत्येक ओळीमागे फ्लश टाकला, म्हणजे आउटपुट न साचता लगेच बाहेर.

दुसऱ्या एका शेटजींकडे आम्ही पायथनचं नवं व्हर्जन टाकलं. जुन्यात एरर साचून राहायचे आणि संध्याकाळी प्रोग्राम बंद केल्यावर दिसायचे. नव्यात ते झाल्या झाल्या दिसू लागले. शेटजी भडकले. "पहिले दिवसभर एक एरर नोता येत. जुनंच टाका!"
अश्फाक मला हळूच म्हणाला, "टाकून दे बे. सुखी होता बिचारा."

तो गेला त्या दिवशी मी त्याला थांब म्हणणार होतो. एसटी लागली, आणि मी विचारलं, "चार्जर घेतला का?"
"घेतला."
तो परत यावा असं मला रोज वाटतं.

आमची एक पद्धत होती. एकानं गिऱ्हाइकाकडे प्रोग्राम चालवायचा, दुसऱ्यानं ऑफिसातून फोन धरायचा, आणि आउटपुट दिसेपर्यंत कुणी फोन ठेवायचा नाही. परवा हैदराबादहून त्याचा फोन आला. "नवा प्रोग्राम चालवून राह्यलो. फोन धर."

मी धरला. त्यानं चहावाल्याचं विचारलं, माझ्या आईच्या गुडघ्यांचं विचारलं, ऑफिसातला पंखा अजून आवाज करतो का ते विचारलं.
"आउटपुट आलं का?" मी म्हणालो.
"नाही ना."
पुन्हा गप्पा. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला म्हणालं, "अश्फाकभाई, ये तो कब का आ गया. घर नहीं जाना क्या?"
अश्फाक मला म्हणाला, "ठेवू नको बे. अजून नाही आलं."