बादशहाच्या तसबिरीला हार

लालासाब कोल्हापुरात तसबिरींना चौकटी करायचा. पेठेतले देव त्याच्याच हातून भिंतीवर चढत. माणूस पाच वक्त नमाजी, पण गिऱ्हाइकाला लक्ष्मी द्यायची ती काच पुसून, दोन्ही हातांनी. चित्र म्हणजे मान द्यायची वस्तू, एवढंच त्याला ठाऊक. घात झाला तो त्यानेच.

एकोणीसशे दोन साली विलायतेत नव्या बादशहाचा राज्याभिषेक ठरला आणि त्यानिमित्त पेठेत मांडव उभा राहिला. तिथे लावलेली आपली तसबीर समारंभाला येणाऱ्या साहेबाच्या नजरेत भरली, तर कचेऱ्यांचं काम आपल्याला मिळेल, अशी लालासाबाची आस. मेलेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातलं शंभरेक वर्षांपूर्वीचं रंगीत विलायती चित्र त्याच्याकडे होतं. मुकुट घातलेला राजा, सुटलेलं पोट, लालबुंद नाक, पुढ्यात ताटंच ताटं आणि तोंडाजवळ इंग्रजी अक्षरं. आताच्या बादशहाचा वाडवडील असणार, खाऊनपिऊन सुखी! अक्षरं म्हणजे त्याची स्तोत्रं. आठ दिवस खपून त्याने सोनेरी चौकट केली, खाली आपलं नाव घातलं आणि वर हार चढवला.

समारंभाला आलेल्या गोऱ्या इंजिनियरने चित्र वाचलं आणि तो खो खो हसला. मग सगळे काळे लोक आपल्याकडे बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहराच फिरला. लालासाबाला दोन दिवस चौकीवर बसवून ठेवलं. का, ते शेवटी शेजारच्या बाळासो मास्तरांनी सांगितलं.

"राजा खादाड हाय आन् रयत उपाशी मरतीया, असं लिवलंय त्यात. टिंगल हाय ती. तिकडं दुकानाच्या काचंत लावायचे असली चित्रं. लोक गर्दी करून हसायचे."

"मग काढणाऱ्याला धरला न्हाय?"

"न्हाय."

"आन् म्या हार घातला की, मास्तर!"

मास्तर उठून शाळेकडे निघाले. दुसरं काय करणार?

मांडवात चौकटीची वाहवा करणारे पेठेचे पंच आता ओळख दाखवेनात. सरकारच्या डोळ्यांवर आलेल्या माणसाच्या हातचा गणपतीही कुणाला नको झाला. भित्री जात सगळी! दुकानात कोळी जाळी विणू लागले.

"साहेबाची माफी मागा की," बायको खैरुनबी म्हणाली.

"कशाची? मनापासनं मान दिला, त्येची?"

तरी एके सकाळी तो त्या इंजिनियरच्या बंगल्यावर गेला. मान दिला होता, हे त्याने तीनदा सांगितलं. साहेबाला ते पटेना. अखेर, आपण बादशहाची टिंगलच केली, असं कबूल करून तो पाया पडला. साहेबाने माफ केलं. काम मात्र कुणीच दिलं नाही.